वाचते, पण राहत नाही: एका जेआर-२ रेसिडेंटच्या अभ्यासाचे प्रकरण

अंतर्गत परीक्षेत पल्मनरी एम्बोलिझमवर (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी) दीर्घोत्तरी प्रश्न होता. माझ्या युनिटमधल्या एका रेसिडेंटने अर्धे पान लिहिले होते. वेल्स स्कोअरचे दोन निकष, डी-डायमर, सीटी अँजिओ, हेपॅरिन, आणि संपले. थ्रॉम्बोलायसिस, म्हणजे गुठळी विरघळवणारे औषध, कोणाला द्यायचे, कोणाला द्यायचे नाही, यावर एक ओळ नव्हती. आणि गंमत नव्हे, खरोखर, त्याच महिन्यात तिने हॅरिसन या मेडिसिनच्या जाडजूड ग्रंथातले ते प्रकरण दोनदा वाचले होते. पुस्तक उघडून तिने मला दाखवले. पहिल्या वाचनाला पिवळा हायलायटर, दुसऱ्याला केशरी. काही परिच्छेदांत रंग न लागलेली ओळ शोधावी लागत होती.

"मॅडम, वाचते हो मी. पण राहतच नाही."

एमडी मेडिसिनची ही दुसऱ्या वर्षाची ज्युनिअर रेसिडेंट (जेआर-२), शासकीय महाविद्यालयातली. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील गाळले आहेत. हे प्रकरण लिहिण्याचे कारण सरळ आहे. अशी मुले दर बॅचला असतात, आणि 'अभ्यास करत नाहीत' असा शेरा मारून मोकळे व्हायची आपल्याकडे पद्धत आहे. ती पद्धत मला मान्य नाही. ही मुलगी अभ्यास करत होती. तो परीक्षेपर्यंत पोहोचत नव्हता.

घोडे कुठे पेंड खात होते

परीक्षेचे स्वरूप डोळ्यांसमोर असू द्या. तीन वर्षांच्या शेवटी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे प्रत्येकी १०० गुणांचे चार पेपर. पहिला मूलभूत विज्ञानाचा, चौथा नव्या घडामोडींचा. नंतर प्रात्यक्षिक: लाँग केस, शॉर्ट केस (रुग्ण तपासून परीक्षकांपुढे मांडणे), ईसीजी-एक्स-रे-एबीजीची टेबले. थिअरी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत वेगवेगळे निम्मे गुण मिळवावे लागतात. प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी सादर झाला पाहिजे. बायोमेडिकल रिसर्चचा सक्तीचा ऑनलाइन कोर्स आहे, लॉगबुक आहे, आणि मधले तीन महिने जिल्हा रेसिडेन्सीत जातात.

तिचा बेत होता रोज हॅरिसनची दहा पाने. ऐकायला माफक वाटतो. मी तिच्यासमोरच कागदावर हिशेब मांडला. पुस्तक ढोबळमानाने चार हजार पानांचे. रोज दहा म्हणजे चारशे दिवस, एकही खाडा न करता. युनिटची इमर्जन्सी आठवड्यातून एकदा. त्या दिवशी वाचन नाही, दुसऱ्या दिवशी पोस्ट-इमर्जन्सी राउंड, तेव्हाही नाही. उरले आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे ऐंशी आठवडे. दीड वर्षाहून जास्त. तेही सुट्टी, आजारपण, घरचे लग्न, परिषदेचे पोस्टर यांतले काहीच आले नाही तर. आणि हे सगळे जमले तरी ते झाले एकदाच वाचून. कार्डिओलॉजी संपून नेफ्रोलॉजी सुरू होईपर्यंत पुढचे पाठ, मागचे सपाट.

बेतच चुकीचा होता, आणि तो पाळता येत नाही म्हणून ती स्वतःला दोष देत होती. दिवसाचे वाचन चुकले की दुसऱ्या दिवशी वीस पाने, मग तीस, मग आठवडाभर पुस्तकाला हातच नाही. हे चक्र जेआर-१ पासून सुरू होते.

मग तिचा आठवडा आम्ही तासातासाने लिहून काढला. सकाळी साडेसहाला ब्लड कलेक्शन. राउंडच्या आधी रिपोर्ट ट्रेस करणे. राउंड, ऑर्डरी, रेफरन्स, एमआरआयच्या अपॉइंटमेंटसाठी रेडिओलॉजीत खेटे, जन आरोग्य योजनेची कागदपत्रे, नातेवाइकांना समजावणे, डिस्चार्ज समऱ्या, संध्याकाळचा राउंड. खोलीवर पोहोचायला नऊ-साडेनऊ. जेवून पुस्तक उघडायचे आणि पेंगत ओळींवर रंग ओढायचा. वाचनाचा वेळ दीड तास, जागेपणाचा किती ते देवालाच ठाऊक.

त्या तक्त्यात मला वेळेपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकली. दिवसभर वॉर्डात ती सिरोसिस, टीबी मेनिंजायटिस, डायबेटिक किटोॲसिडोसिस पाहत होती आणि रात्री वाचत होती अमायलॉइडोसिस, कारण अनुक्रमाने ते प्रकरण आले होते. वॉर्डाचा दिवस आणि पुस्तकाची रात्र यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता.

दुसरी गोष्ट रंगांची. पुन्हा वाचले की मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटला की आपल्याला तो येतो असे वाटते. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. पण आठवड्याने पाहिले तर पारडे फिरले होते. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून जे आठवते ते लिहून काढणारे पुढे गेले होते. खोलीत बसून पाच मिनिटांनी स्वतःला तपासणाऱ्या रेसिडेंटला आपण तयार आहोत असे वाटणार आणि परीक्षेच्या हॉलमध्ये पाटी कोरी सापडणार, हे त्यातून सरळ कळते.

मण्यार

उपाय ठरवायला बसलो तेव्हा ऑगस्ट लागला होता. एका इमर्जन्सीला पहाटे विशीतला शेतमजूर आला. रात्री घरात जमिनीवर झोपलेला. झोपेतून उठला तो पोट धरूनच. घरच्यांनी आधी गावातल्या डॉक्टरकडे नेले, तिथे ॲसिडिटीचे इंजेक्शन झाले. आमच्या कॅज्युअल्टीत पोहोचेपर्यंत दोन्ही पापण्या उतरल्या होत्या, आवाज नाकातून येत होता. अंगावर दंशाची खूण कुठे नाही. जेआर-१ ने स्ट्रोक लिहून सीटीचा फॉर्म भरायला घेतला होता.

हिने फॉर्म थांबवला. "दादा, मान उचला बरं उशीवरून." उचलेना. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, तो सातला अडकला. तिने भूल विभागाला फोन लावला, एएसव्ही (सर्पविषावरचे प्रतिविष) सुरू केले आणि श्वासाची नळी टाकायची तयारी करून ठेवली. तासाभरात ती लागलीच. वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त नीट गोठले होते. म्हणजे घोणस-फुरसे नव्हे, त्यांचे विष रक्त गोठू देत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला, पोट दुखत उठलेला, खूण नसलेला रुग्ण: चित्र मण्यारीचे होते.

राउंडला मी विचारले, "निओस्टिग्मिनने फरक पडला नाही. का?"

प्रोटोकॉल तिला तोंडपाठ होता. ॲट्रोपिन आधी, मग निओस्टिग्मिन, किती वेळाने पापण्या पाहायच्या, सगळे. पण 'का' याचे उत्तर नव्हते. आमच्या उपायाची सुरुवात इथून झाली. मी तिला म्हटले, आज दहा पाने नकोत. एकच प्रश्न वहीत लिही: नागाच्या दंशात निओस्टिग्मिन चालते, मण्यारीच्या दंशात का चालत नाही? याचे उत्तर मिळेपर्यंतच वाच.

अर्ध्या तासाचे वाचन होते. मण्यारीच्या विषातले बीटा-बंगारोटॉक्सिन चेतातंतूच्या टोकावर हल्ला करते, जिथून ॲसिटिलकोलिन हे स्नायूला संदेश देणारे रसायन बाहेर पडायचे तिथेच. टोकच निकामी झाल्यावर निओस्टिग्मिनने ॲसिटिलकोलिनचे विघटन थांबवून उपयोग काय? नागाचे विष मुख्यतः पलीकडच्या, स्नायूवरच्या रिसेप्टरला अडवते. तिथे ॲसिटिलकोलिन वाढवले तर ते विषाशी स्पर्धा करू शकते. मण्यारीचा रुग्ण एएसव्ही देऊनही काही दिवस व्हेंटिलेटरवर का राहतो, याचेही उत्तर त्यातच आहे. टोके पुन्हा वाढायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या साइड रूममध्ये केस पेपरच्या पाठकोऱ्या कागदावर मी तिला चेतातंतूचे टोक आणि स्नायू यांची आकृती पुस्तक न बघता काढायला लावली. मग आकृतीवर एकेक आजार बसवत गेलो. कॅल्शियमच्या मार्गावर लॅम्बर्ट-ईटन, ज्यात फुप्फुसाचा कर्करोग शोधायचा असतो. ॲसिटिलकोलिनच्या पिशव्या फुटू न देणारे बोट्युलिझम. टोकावर मण्यार. रिसेप्टरवर नाग आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकवणारा आजार). आणि मधल्या फटीत, ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या कोलिनेस्टरेजवर, आपल्याकडे कापूस-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत वॉर्ड भरून टाकणारी ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा. हे शेवटचे नाव लिहिताना ती थबकली. जेआर-१ पासून ॲट्रोपिनच्या अँप्यूल मोजणारी मुलगी पहिल्यांदाच त्या विषबाधेला मायस्थेनियाच्या शेजारी बसवत होती. एकात ॲसिटिलकोलिन फार, दुसऱ्यात ते पोहोचूनही दाद नाही.

ही आकृती हेच पहिल्या पेपरातले न्यूरोमस्क्युलर ट्रान्समिशनचे उत्तर. मूलभूत विज्ञानाचा पेपर सर्वांना परका वाटतो तो एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पुस्तके पुन्हा उघडायची भीती असते म्हणून. त्याचा मोठा भाग वॉर्डातूनच वर येतो, कोणीतरी 'का' विचारावे लागते.

वहीचे नियम

यातून जी रीत बसली ती साधी होती. रोज एक रुग्ण, एक प्रश्न. प्रश्न राउंडमध्येच लिहायचा, रात्री विचार करत बसायचे नाही. रात्री त्या प्रश्नापुरते वाचायचे, पुस्तक मिटायचे, उत्तर आठवून लिहायचे आणि मग पुस्तकाशी ताडायचे. चुकले ते लाल शाईने. हायलायटर बंद. आठवड्याने तोच प्रश्न मी किंवा जेआर-३ राउंडमध्ये, लिफ्टची वाट बघताना, कुठेही विचारणार.

प्रश्न विचारण्यावर माझा भर का, तर त्याला रेसिडेंटवरच झालेल्या अभ्यासाचा आधार आहे. लार्सन, बटलर आणि रोडिगर यांनी २००९ मध्ये बालरोग आणि इमर्जन्सी मेडिसिनच्या रेसिडेंटना स्टेटस एपिलेप्टिकस (न थांबणारी फिट) आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस हे दोन विषय शिकवले. प्रत्येकाने एका विषयाच्या चाचण्या वारंवार दिल्या, दुसऱ्याचे टिपण वारंवार वाचले. सहा महिन्यांनी चाचण्यांच्या विषयात सरासरी ३९ टक्के गुण पडले, वाचनाच्या विषयात २६ टक्के. फरक मोठा आहे. पण मला त्यातला ३९ हा आकडा रेसिडेंटना आवर्जून दाखवावासा वाटतो. उत्तम रीतीने शिकूनही सहा महिन्यांनी निम्म्याहून जास्त गेलेले असते. विसरणे म्हणजे आपली बुद्धी कमी असणे नव्हे. त्यासाठी पुन्हा विचारण्याची सोय आधीच करून ठेवायची असते.

वहीला पुस्तकाइतकाच मान द्यायला मी तिला सांगितले. आपल्या भागातले काही आजार जाड ग्रंथांत दोन-चार ओळींत आटोपलेले असतात. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या रुग्णांच्या खाटेपाशी बसून, नोंदी करून उभा केला. ग्रंथात तो नंतर आला.

वॉर्ड जे आणत नाही

रुग्णावरून वाचन ही रीत सगळेच सांगतात, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. तेवढ्यावर परीक्षा निघत नाही. आमच्या वॉर्डात वर्षभर सिरोसिस, क्षय, पक्षाघात, हार्ट फेल्युअर, मूत्रपिंडाचे आजार, विषबाधा. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, स्क्रब टायफस. पोर्फिरिया येत नाही. फिओक्रोमोसायटोमा क्वचित. जनुकीय आजारांचे निदान करायची सोयच नाही. परीक्षकाला मात्र हे सगळे विचारता येते.

म्हणून दुसरी यादी. हॅरिसनची अनुक्रमणिका झेरॉक्स करून घेतली. वहीत ज्या विषयाचा रुग्ण आला त्यावर ती टिक करत गेली. काही महिन्यांनी टिक नसलेले विषय उघडे पडले, आणि त्यांचा आवाका तिला वाटत होता त्याहून खूप लहान निघाला. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेवल्यावर तो आणखी लहान झाला. चार हजार पानांचे ओझे उतरले ते या झेरॉक्सवर. पुढे काय आणि किती उरले आहे, ते बोट ठेवून सांगता येऊ लागले.

ही यादी तिने जिल्हा रेसिडेन्सीसाठी राखून ठेवली. ते तीन महिने तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी येतात, आणि अनेक रेसिडेंट त्यांना वाया गेलेला काळ मानतात. जिल्हा रुग्णालयात ड्युटी असते, जबाबदारीही असते, पण तिच्या वाट्याला आलेल्या ठिकाणी रात्री बहुधा आपल्या हातात होत्या. तिथे तिने एंडोक्रायनॉलॉजी आणि संधिवाताचे आजार सलग वाचले. या विषयांना सलग वाचनच लागते. कोर्टिसोलचा अक्ष तुकड्या-तुकड्यांत समजत नाही.

चौथ्या पेपरासाठीही वॉर्डच धरला. क्षयाचा औषधांना दाद न देणारा रुग्ण आला की बीपालएम: बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन, सहा महिने. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारस केली, भारत सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली. हार्ट फेल्युअरचा रुग्ण मधुमेह नसतानाही डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध का घेतो, याचा शोध घेताना २०१९ च्या डापा-एचएफ चाचणीपर्यंत ती आपोआप पोहोचली.

जे जमले नाही

सप्टेंबरात डेंग्यूची लाट आली आणि वही बंद पडली. जमिनीवर गाद्या टाकलेल्या, दिवसातून दोनदा प्लेटलेटचे रिपोर्ट, प्रत्येक नातेवाईक प्लेटलेटची पिशवी मागणारा. ती पुन्हा रडकुंडीला आली की सगळे बुडाले. मी वहीला सुट्टी द्यायला सांगितले, फक्त दिवसाला एक तोंडी प्रश्न चालू ठेवला, तोही डेंग्यूचाच: प्लाझ्मा गळती कधी सुरू होते, हिमॅटोक्रिट का बघायचा, ताप उतरल्यावरच धोका का. लाट ओसरल्यावर वही जिथे होती तिथून सुरू झाली. बुडालेल्या दिवसांची भरपाई करायची नाही, हा नियम तिला सगळ्यांत जड गेला. पण त्यानेच जुने चक्र तुटले.

इमर्जन्सीनंतरच्या रात्री वाचायला मी सरळ मनाई केली. सलग जागरणानंतर पुस्तकासमोर बसून काही साठत नाही, आणि दुसऱ्या दिवशी इन्सुलिनचा डोस लिहिताना तोच थकवा हाताशी असतो. झोप हा इथे रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

ग्रुप स्टडी तिला मानवली नाही. दोघे-तिघे एकत्र बसले की वॉर्डाच्या कटकटी निघत आणि रात्र सरे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ नोट्सनी तर नुकसानच केले. शेवटच्या महिन्यांत तिने त्यांचे ढीग साठवले, एकही नीट वाचली नाही. प्रबंधाची आकडेमोडही रेंगाळली, आणि सादर करायच्या आधीचे कित्येक आठवडे अभ्यास जवळजवळ थांबला. प्रबंधाचे रुग्ण जेआर-१ च्या अखेरीपासून गोळा होऊ लागले तरच शेवटची सहा महिन्यांची मोकळीक खरी मोकळीक राहते.

आणि काही गोष्टी रेसिडेंटच्या हातात नाहीतच. रक्त काढणे, नमुने पोहोचवणे, ट्रॉली ढकलणे, योजनेचे अर्ज भरणे यांत एमडी शिकायला आलेल्या माणसाचे तास जातात. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमावलीत वाजवी कामाचे तास, विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टीची भाषा आहे. वॉर्डात पुरेसे मामा, मावशी आणि तंत्रज्ञ नसले तर ती भाषा कागदावर राहते. अभ्यासाची रीत सुधारून हा प्रश्न सुटला असे मी कोणाला म्हणू देणार नाही.

निकाल

ती पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली. गुण ठीक होते, डोळे दिपवणारे नव्हते. पहिला पेपर तिच्या अपेक्षेपेक्षा बरा गेला. तिसऱ्या पेपरात एका शॉर्ट नोटमध्ये ती अडकली, आणि तो विषय झेरॉक्सवर शेवटपर्यंत टिक न झालेल्यांपैकीच होता. प्रात्यक्षिकात मात्र ती उजळून निघाली. लाँग केसला मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणे) होता. परीक्षक निदानावर थांबले नाहीत, ते सतत 'का' विचारत राहिले: ओपनिंग स्नॅप (झडप उघडतानाचा आवाज) लवकर आला तर आजार जास्त का, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) सुरू होताच रुग्णाला दम का लागतो. राउंडमध्ये अशा प्रश्नांची तिला सवय झालेली होती.

युनिटमध्ये आता नव्या जेआर-१ ला पहिल्याच आठवड्यात कोरी वही आणि अनुक्रमणिकेची झेरॉक्स मिळते. राउंडच्या शेवटी प्रत्येकाला मागच्या आठवड्यातला एक प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर आले नाही तर त्याला कोणी बोलत नाही, प्रश्न पुढच्या आठवड्यात परत येतो. सकाळच्या ब्लड कलेक्शनसाठी तंत्रज्ञ मिळावा, असे पत्र आम्ही दिले आहे. मंजुरी अजून आलेली नाही.